चव न घेता केलेला स्वयंपाक

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

काल रात्री संयोजक मैत्रीण म्हणाली, "तू परदेशात जाऊन आलीस, उद्या त्यावर बोल." मी विचारलं, प्रशिक्षणाबद्दल बोलू का? ती म्हणाली, "तुझा अहवाल आम्ही वाचला. झोप आली. दुसरं काही असेल तर सांग." तर दुसरं काही म्हणजे, मी तिथे एका स्वयंपाकाच्या वर्गाला गेले होते. हसा, हसा. मलाही हसू आलं होतं. लग्न ठरलं तेव्हा जिने घरात जाहीर केलं होतं की बायको झाले म्हणून रोजची पोळी-भाजी मी करणार नाही, ती बाई सहा तास विमानात बसून दुसऱ्या देशात जाते आणि वर पैसे देऊन कांदे चिरते.

देश इथिओपिया, गाव अदिस अबाबा, महिना मार्च २०२५. घरकामगार स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचं आठवडाभराचं प्रशिक्षण होतं. ते संपल्यावर परतीच्या विमानाला दोन दिवस होते. मी उतरले होते तिथल्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'खऱ्याखुऱ्या घरात, एका आईकडून व्हीगन स्वयंपाक शिका.' एका आईकडून! हा शब्द वाचून खरं तर मी सावध व्हायला हवं होतं. आपण इतकी वर्षं हेच बोलत आलो आहोत ना, की 'आईच्या हातची चव' म्हटलं की हाताची मजुरी विचारायची नसते. पण मला भूक होती आणि दोन दिवस मोकळे होते. फी ऐकली तेव्हा मनातल्या मनात हिशेब केला. आमच्या वस्तीतल्या बाईला एका घरचं धुणं-भांडी करून महिन्याला जेवढे मिळतात, साधारण तेवढीच. हा हिशेब करायची सवय आता सुटत नाही.

व्हीगन म्हणजे काय हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूपसुद्धा नाही. प्राण्यापासून आलेलं काहीच खायचं नाही. हा इंग्रजी शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये तयार झाला. ज्या बाईंकडे मी गेले त्यांना मात्र तो शब्द परकाच होता. कागदावर तो त्यांच्या मुलीने लिहिला होता, परदेशी पाहुण्यांना कळावं म्हणून. त्यांचा स्वतःचा शब्द 'त्सोम', म्हणजे उपास. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती चर्चचे उपास ऐकाल तर आपल्या आज्या थक्क होतील. दर बुधवार, दर शुक्रवार, शिवाय ईस्टरआधीचे सलग ५५ दिवस, आणि आणखी कितीतरी. साध्या माणसाला वर्षातले १८० च्या आसपास दिवस उपासाचे, धर्मगुरूंना २५० पर्यंत. त्या दिवसांत मांस, अंडी, दूध, लोणी सगळं बंद. मासळीबद्दल त्यांच्यातच दोन मतं आहेत. कडक पाळणारे दुपारी तीनपर्यंत तोंडात पाणीही घालत नाहीत. गरोदर बाया, बाळंतिणी आणि आजारी माणसं यांना सूट आहे, पण सूट असूनही पुष्कळ जणी पाळतात. का, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आपल्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ, रताळी, बटाटे. म्हणजे ज्या दिवशी घरातल्या बाईच्या पोटात कमी जातं त्या दिवशी तिच्या हाताला काम जास्त. तिथे उपासाला डाळी चालतात, सगळ्या भाज्या चालतात, कांदा-लसूणही चालतो. त्यामुळे हजारो घरांतल्या बायकांनी शेकडो वर्षं दूध-लोण्याशिवाय चविष्ट कसं करायचं ते शोधून काढलंय. हे ज्ञान आहे. याला पाककृती म्हणून बाजूला टाकू नका.

आता एक वादाचा विषय आधीच उरकून घेते, कारण समोर काही चेहरे मला दिसताहेत. गेल्या वर्षीच्या शिबिरात सुकटीवरून झालेलं भांडण तुम्हाला आठवत असेल. सुकटीची चटणी केली म्हणून दोघी जणी ताट घेऊन बाहेर जाऊन बसल्या, आणि ज्यांनी ती चटणी घरून करून आणली होती त्या बाई रात्रभर रडल्या. तेव्हा शाकाहार हा शब्द आपल्या तोंडी आला की तो नुसता आहार राहत नाही. तो जातीचा वास घेऊन येतो. सोसायटीत भाड्याने घर मागायला गेल्यावर पहिला प्रश्न काय येतो ते आपल्याला ठाऊक आहे. आणि २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा आला तेव्हा कुणाच्या ताटातलं स्वस्त मांस गेलं आणि कुणाचा धंदा बसला, हेही आपण पाहिलं. मी स्वतः कोकणातली, बांगड्यावर वाढलेली. त्यामुळे 'व्हीगन' वाचून माझ्या कपाळावर आठी आलीच होती.

पण तिथला उपास निराळा निघाला. आज डाळ खाणारी बाई ईस्टरला कोंबडी करते आणि चवीने खाते. आज मी मांस खात नाही म्हणून मी खाणाऱ्यापेक्षा वरची, असं तिला वाटत नाही, कारण परवा ती स्वतःच खाणार असते. म्हणजे तिथे ताटाताटांत भेद नाही असं मात्र नाही बरं का. ख्रिश्चनांनी कापलेलं मांस मुसलमान खात नाहीत आणि मुसलमानांनी कापलेलं ख्रिश्चन खात नाहीत. एकाच गल्लीत राहतात, एकमेकांच्या लग्नाला जातात, पण मांस वेगळं शिजतं. मग एका पंगतीला बसायचं तर काय वाढायचं? हेच उपासाचं अन्न. डाळ, भाजी, पिठलं. हे मला फार मोलाचं वाटलं.

आता माझी फजिती सांगते. मुलीने निरोप पाठवला होता, 'तीन वाजता या.' मी दुपारी बरोबर तीनला दारात हजर. घर एंटोटो डोंगराच्या पायथ्याशी, शिरो मेदा नावाच्या भागात. हातमागाच्या पांढऱ्या कापडाचा तिथे मोठा बाजार आहे. (तिथे सूत बायका कातायच्या आणि मागावर बसायचे पुरुष. कोणत्या कामाला किंमत आली असेल ते ओळखा.) दार एका साठीला आलेल्या बाईंनी उघडलं आणि मला बघून त्या खो खो हसत सुटल्या. झालं असं होतं की इथिओपियात दिवस सकाळी सहाला सुरू होतो. सहा म्हणजे शून्य, सात म्हणजे एक, आपले सकाळचे नऊ म्हणजे त्यांचे तीन. वर्ग सकाळीच संपला होता. मुलगी घाईत घड्याळ फोडून सांगायला विसरली होती. बाईंनी बोटांनी मला समजावलं, उद्या, उद्या सकाळी. आणि लगेच हात धरून आत ओढलं.

त्यांना सगळे 'एमामा' म्हणतात. आपण कुठल्याही वयस्क बाईला मावशी म्हणतो तसंच. मीही मावशीच म्हणते.

दुपारचे तीन म्हणजे मावशींचा उपास सुटायची वेळ. त्या ताटाशी बसणारच होत्या. त्यांनी मला शेजारी बसवलं, इंजेराचा तुकडा तोडला, त्यात डाळ गुंडाळली आणि घास थेट माझ्या तोंडात घातला. याला ते 'गुर्शा' म्हणतात. दिवसभर उपाशी असलेल्या बाईने पहिला घास परक्या बाईला भरवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते काही नुसतं मायेने नव्हतं, धुरानेही होतं. मागच्या बाजूने धूर येत होता.

मी खुणेने विचारून मागे गेले. पत्र्याची शेड. आत सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी इंजेरा भाजत होती. घरात विजेचा मिताद होता, पण वीज गेली होती, आणि उद्याच्या वर्गाला इंजेरा तर लागणार. म्हणून चुलीवरचा मातीचा मिताद काढला होता. हा मिताद म्हणजे हात-दीड हात रुंदीचा खापराचा तवा. खाली निलगिरीच्या काटक्या आणि पाला. ही निलगिरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मेनेलिक राजाच्या काळात, सरपणासाठीच अदिसच्या भोवती लावली गेली. एंटोटोवरून निलगिरीचे भारे पाठीवर बांधून उतरणाऱ्या बायका मी त्याच सकाळी पाहिल्या होत्या. कंबरेतून काटकोनात वाकलेल्या. भारा बाईपेक्षा लांब. त्याच डोंगरावर २०२० साली मोठं उद्यान झालंय. तिथे शहरातली माणसं व्यायामाला जातात.

त्या मुलीचं काम मी तासभर बघत बसले. इंजेरा कशी होते ते तिथे कळलं, दुसऱ्या दिवशीच्या वर्गात नाही. तेफ नावाचं धान्य असतं. नाचणीहून बारीक, खसखशीएवढं. गव्हाच्या एका दाण्याच्या वजनात त्याचे दीडशेच्या आसपास दाणे मावतात. त्याचं पीठ भिजवायचं, मागच्या खेपेचं आंबलेलं पिवळं पाणी राखून ठेवलेलं असतं ते विरजणासारखं घालायचं. दोन-तीन दिवस आंबवायचं. मग थोडं पीठ काढून पाण्यात शिजवून पुन्हा त्यातच मिसळायचं, म्हणजे ते फुगतं. मग तापल्या खापरावर मोहरीच्या जातीच्या बियांची पूड चोळायची, आणि पीठ काठाकडून आत गोल गोल ओतत जायचं. वर झाकण. एकाच बाजूने भाजायची, उलटायची नाही. वरच्या अंगाला जाळी पडते, तिला ते 'डोळे' म्हणतात. डोळे सारखे पडले तर हात चांगला. आपल्या आंबोळीची थोरली बहीण म्हणा ना. मग गवताच्या विणलेल्या चपट्या सुपलीवर ती अलगद सरकवून काढायची. एक झाली की दुसरी. मी मोजल्या तेवढ्या एकवीस, आणि मी गेले तेव्हा अर्ध्या झालेल्याच होत्या.

तिला ना इंग्रजी येत होतं, ना मला अम्हारिक. तिचे डोळे लाल. मी माझी पाण्याची बाटली पुढे केली. तिने हसून मान हलवली आणि बोट वर, सूर्याकडे केलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मार्च २०२५ मध्ये रमझान आणि ख्रिश्चनांचा मोठा उपास एकाच वेळी आले होते. मुलगी वोलोची, मुसलमान. रोजा होता. पोटात पाण्याचा थेंब नाही, समोर जाळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या तीन वाजता मी पोचले. आणखी तिघं होते. जर्मनीहून आलेलं एक जोडपं, आणि हॉलंडची एक तरुण मुलगी, तीच काय ती खरी व्हीगन. स्वयंपाकघर लख्ख. वाट्यांमध्ये मसाले मांडलेले. इंजेरा एका उंच विणलेल्या टोपलीत, 'मेसोब'मध्ये झाकलेली. मुलगी दिसत नव्हती.

मावशी उत्तम शिकवतात हे मी कबूल करते. पहिला धडा कांद्याचा. बारीक चिरलेला लाल कांदा कोरड्या भांड्यात घालायचा. तेल नाही. मंद आचेवर हलवत राहायचं, लागेल तर थेंबभर पाणी. अर्धा-पाऊण तास. कांदा स्वतःच्या पाण्यात विरघळायला लागला की मग तेल, आणि मग बेरबेरे. बेरबेरे म्हणजे सुकी मिरची, लसूण, आलं, तिथली जाड वेलची, मेथी, तुळशीच्या जातीचं एक पान असं बरंच काही वाळवून, भाजून, कुटून केलेला मसाला. आपल्याकडे उन्हाळ्यात मसाला कुटतात तसंच वर्षाचं काम. त्या मसाल्यात मसूर शिजवली की झाली मिसिर वोत. वाटाण्याची डाळ हळद घालून फिकी करतात ती अलिचा. शिवाय पालेभाजी, कोबी-गाजर, बीट.

आणि मग त्यांनी तीन वाट्या पुढे सरकवल्या, दुधाऐवजी काय वापरतात ते दाखवायला. 'नूग, तेल्बा, सूफ.' मी बघितलं आणि ओरडलेच. कारळे, जवस, करडई! माझ्या आजीच्या चटण्यांच्या बरण्याच. ती सोलापूरकडची. कारळ्याचं तर शास्त्रीय नावच अबिसिनियाचं आहे, म्हणजे मूळ तिथलं. कधीतरी समुद्र ओलांडून ते आपल्या माळरानावर आलं आणि भाकरीबरोबर बसलं. ते कुणी आणलं याची नोंद नाही. बियाणं पदराच्या गाठीला बांधून नेणाऱ्यांची नोंद कोण ठेवतो? तेफची मात्र नोंद झाली. हॉलंडच्या एका कंपनीने तेफच्या पिठावर युरोपात पेटंट घेतलं होतं. २०१८ साली हेगच्या न्यायालयाने ते रद्द ठरवलं. आपल्या हळदीचं अमेरिकेतलं पेटंट १९९७ साली रद्द झालं, तीच गोष्ट. ही माहिती, गंमत बघा, त्या हॉलंडच्या मुलीनेच काढली, जरा ओशाळून.

शिरो हा पदार्थ तर मला शिकवावाच लागला नाही. भाजलेल्या हरभऱ्याचं मसालेदार पीठ, कांद्याच्या वाटणात पाणी उकळून त्यात भुरभुरत घोटायचं. पिठलं! आम्हालाही घरात काही नसलं की हेच करतात, असं मावशी म्हणाल्या. आमच्यातही, मी म्हटलं. भाषेचं भाषांतर मुलगी करत होती, पण या वाक्याला त्याची गरज पडली नाही.

आणि एक गोष्ट मी बघत होते. मावशी चव घेत नव्हत्या. त्यांचा उपास सुटायला अजून सहा तास होते. मीठ घालायच्या ते नजरेने. भांड्यावर वाकून वास घ्यायच्या आणि सांगायच्या, कमी आहे. आम्ही चाखून बघायचो, तर खरंच कमी असायचं. जर्मन गृहस्थांनी विचारलं, हे कसं जमतं? त्या म्हणाल्या, "सासूने शिकवलं." मग सणाची कोंबडी कापून तिचे बरोबर बारा तुकडे करता येतात का, ही नव्या सुनेची परीक्षा असते, तेही सांगितलं. त्यांच्या सासूने तुकडे मोजले होते. तेव्हा मावशींचं वय पंधरा. तो गुन्हा नव्हता. जुन्या दिवाणी कायद्यात मुलीच्या लग्नाचं वय पंधरा होतं आणि नवरा कुटुंबप्रमुख. २००० साली तिथल्या बायकांच्या संघटनांनी, वकील स्त्रियांनी झगडून कुटुंब कायदा बदलून घेतला, तेव्हा वय अठरा झालं.

मग प्रत्येकाने एकेक इंजेरा ओतायची होती. वीज आली होती, त्यामुळे विजेच्या मितादवर. माझी फाटली. जर्मन बाईंची एका बाजूला जाड झाली. त्यांच्या नवऱ्याची बरी झाली, तर टाळ्या पडल्या. पुरुषाने एक पोळी केली की टाळ्या, हे सगळ्या खंडांत सारखंच दिसतं.

"हे पीठ कुणी आंबवलं?" मी विचारलं. मला माहीत होतं. तरी विचारलं. खोडच ती.

मुलीने भाषांतर करायला जरा वेळ लावला. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे तोंड करून हाक मारली. ती मुलगी आली आणि ओल्या हातांनी दारातच उभी राहिली. हॉलंडच्या मुलीने कौतुकाने फोटोसाठी फोन उचलला, तर तिने पांढरी ओढणी तोंडावर ओढली. आम्ही तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. इतकं वाईट वाटलं मला त्या टाळ्यांचं! ती आत निघून गेली. तिचं नाव मी विचारलं होतं, पण ते इथे सांगत नाही. ती अजून त्याच घरात काम करते.

जेवणं झाल्यावर कॉफी. कॉफीचा तिथे सोहळा असतो. बिया समोर भाजायच्या, कुटायच्या, मातीच्या सुरईत उकळायच्या, तीन फेऱ्या. भाजणार, कुटणार, ओतणार नेहमी बाईच. बाकीचे गेले, मी थांबले. आणि निघता निघता एक चूक केली. मागच्या शेडमध्ये जाऊन त्या मुलीच्या हातात काही पैसे ठेवले. मावशींनी पाहिलं. त्या चिडल्या नाहीत. मुलीला बोलावून मला सांगायला लावलं, "उद्यापासून पाहुणे हिला पैसे देणार, म्हणजे मी पगार वाढवला नाही तरी चालेल, असंच ना?"

आपण किती परिसंवादांत बोलतो की दानाने हक्क मारला जातो. मला उत्तर आलं नाही.

मग त्यांनी मला बसवून स्वतःचं सांगितलं. त्या स्वतः बाराव्या वर्षी गोज्जामहून अदिसला अशाच एका घरात कामाला आल्या होत्या. जेवण आणि झोपायला स्वयंपाकघराची जमीन, पगार नाही. लग्न झालं ते त्याच घरच्या ओळखीत. नवरा वारला त्याला अकरा वर्षं झाली. हा वर्ग म्हणजे आयुष्यातली पहिली स्वतःची कमाई. त्यातून मुलगी शिकते आहे. आणि या मुलीला त्या पगार देतात, संध्याकाळच्या शाळेत पाठवतात. आठवड्याची सुट्टी? नाही. तेफ किती महाग झालंय माहीत आहे का? वीज जाते तेव्हा सरपण विकत आणावं लागतं. सुट्टी दिली तर त्या दिवशी वर्ग बंद.

कायदा? २०१९ च्या तिथल्या कामगार कायद्याने घरकामगारांना बाहेरच ठेवलंय. आपल्याला हसायला जागा नाही. आपल्या महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण त्यात किमान वेतन नाही, सक्तीची सुट्टी नाही. घरकामगारांचा २०११ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने अजून मान्य केलेला नाही. म्हणून तिथल्या मुली आखातात जातात, आणि ही मुलगीही जायचं म्हणते. सरकारने २०१३ मध्ये तिथे जायला बंदी घातली, ती २०१८ मध्ये उठवली. बंदीच्या काळात मुली जायच्या थांबल्या नाहीत, चोरवाटांनी गेल्या.

मी मिताद कुठून येतो तेही विचारलं. मावशी म्हणाल्या, खेड्यातल्या कुंभारणी करतात. मुलगी हळूच म्हणाली, त्यांच्याकडे कुणी जेवत नाही. कुंभार, लोहार यांची नजर लागते, ते रात्री तरस होतात असं लोक मानतात. मावशी काही बोलल्या नाहीत. म्हणजे ज्या खापरावर रोजचं अन्न भाजायचं ते घडवणारीच्या हातचं पाणी नको. मला यात नवीन काही ऐकल्यासारखं वाटलं नाही, आणि त्याचंच वाईट वाटलं.

मग मावशींनी विचारलं, "तुझ्या घरी स्वयंपाक कोण करतं?"

"एक बाई येतात."

"त्यांना सुट्टी किती?"

मैत्रिणींनो, मी म्हटलं, आठवड्यातून एक.

ते खोटं होतं. आमच्या ताईंना महिन्याच्या दोन सुट्ट्या होत्या. त्यातली एक त्या वस्तीतल्या आमच्याच बैठकीसाठी वापरायच्या. म्हणजे ज्या बैठकीत मी 'आठवड्याची एक सुट्टी आमच्या हक्काची' हे फळ्यावर लिहायची, त्या बैठकीला त्या माझ्या घरची सुट्टी खर्च करून यायच्या. सात वर्षं. त्या कधी बोलल्या नाहीत आणि मला कधी दिसलं नाही. माझ्याकडे समाजकार्याची पदवी आहे, संघटनेचं पद आहे, 'मी रोजचा स्वयंपाक करणार नाही' हा बाणा आहे. पण मी जो स्वयंपाक नाकारला तो काही नाहीसा झाला नव्हता. नवऱ्यानेही तो उचलला नव्हता. तो दुसऱ्या बाईकडे गेला होता.

परत आल्यावर मी ताईंना सांगितलं, आता दर रविवारी सुट्टी, पगार तेवढाच. मला वाटलं होतं त्या खूश होतील. त्या म्हणाल्या, "आणि रविवारची भांडी सोमवारी मीच घासायची का?" तेही खरंच होतं. मग बसून ठरवलं, रविवारची भांडी रविवारीच घासून ठेवायची, नवऱ्याने. पहिले दोन रविवार तो 'विसरला'. तिसऱ्या रविवारी ताटं संपली, मग आठवलं. आता घासतो, कढई तेवढी भिजत ठेवतो. दुसरं म्हणजे बैठकीला जायचा दिवस हा सुट्टीत धरायचा नाही. हे ताईंनीच मागितलं. मी स्वतःहून दिलेलं नाही, हे नोंदवून ठेवा.

रविवारी स्वयंपाक मी करते. पहिल्यांदा शिरो केलं, तिथून आणलेल्या पिठाचं. सोमवारी ताईंना थोडं ठेवलं होतं. त्यांनी बोट लावून बघितलं आणि म्हणाल्या, "पिठलंच आहे. पण तुम्ही कांदा करपवलात." मावशींकडे अर्धा-पाऊण तास हलवत राहायचं असतं, मी पंधरा मिनिटांतच कंटाळले होते.

आज दुपारच्या जेवणात मसुरीची वोत आहे. काल रात्री मी आणि स्वयंपाक-गटातल्या दोघींनी कांदा पाऊण तास हलवलाय, त्यामुळे करपलेला नाही. दूध-तूप काही नाही, सगळ्यांना चालेल. शेजारी सुकटीची चटणीही आहे, ज्यांना हवी त्यांनी घ्यावी आणि इथेच बसून खावी. भांड्यांच्या पाळ्या फळ्यावर लिहिल्या आहेत. पहिलं नाव माझं आहे, तिसऱ्या ओळीत संयोजक मैत्रिणीचं.